श्वानाच्या उघड्या पडलेल्या दंतमगजावरील आच्छादनद्रव्ये

जालना जिल्ह्यातील कुंभार पिंपळगावासारख्या गावी राखणीचा कुत्रा हाडूक फोडताना वा दगड चावताना सुळा मोडून घेतो, तेव्हा मोडलेल्या टोकाशी एक रक्ताळ ठिपका दिसतो. हाच उघडा पडलेला दंतमगज होय. पुढे तो ठिपका काळा पडतो. कुत्रा खात राहतो, आणि दुखणे सरले असे धन्यास वाटते. वस्तुतः मगज मृत होऊन जंतू मुळाच्या टोकापर्यंत पोचलेले असतात. मगज जिवंत राखावयाचा तर त्यावर कोणते द्रव्य घालावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

इ. स. १९२० मध्ये हेर्मान या जर्मन दंतवैद्याने कॅल्शियम हायड्रॉक्साइड प्रचारात आणले. रासायनिक दृष्ट्या हा विरविलेला चुनाच होय. त्याच्या तीव्र अल्कधर्मामुळे मगजाचा पृष्ठभाग जळतो, आणि त्याखालील पेशी दंतिनाचा कठीण सेतू रचतात. परंतु हे द्रव्य कालांतराने विरघळते आणि सेतूत सूक्ष्म छिद्रे राहतात.

हा दोष किती गंभीर, हे १९६५ साली काकेहाशी, स्टॅन्ली व फिट्झजेराल्ड यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगावरून ध्यानी येते. जंतुविरहित वातावरणात वाढविलेल्या उंदरांचा उघडा मगज कोणत्याही द्रव्यावाचून सांधला. सामान्य उंदरांचा मात्र सडला. तात्पर्य, मगज मुळात बरा होऊ शकतो; द्रव्याचे प्रमुख कार्य जंतूंस वाट न देणे हे आहे.

तोराबिनेजाद यांनी १९९० नंतरच्या दशकात पुढे आणलेले मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट या कसोटीस अधिक उतरते. पोर्टलंड सिमेंटच्या जातीचे हे द्रव्य ओलाव्यातच घट्ट होते, चुना हळूहळू सोडते आणि वाटही बंद करते. ते महाग आहे, घट्ट होण्यास काही तास घेते, व दाताचा रंग पालटू शकते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, श्वानांच्या १९० रुग्णवृत्तांच्या आढाव्यात याचे यश सुमारे ९२ टक्के, तर कॅल्शियम हायड्रॉक्साइडचे ५८ टक्के आढळले.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. यांतील अनेक द्रव्ये मानवासाठी म्हणून प्रथम श्वानांच्याच निरोगी दातांवर, स्वच्छ स्थितीत छिद्र पाडून तपासली गेली. मातीत लोळणाऱ्या कुत्र्याचा मोडका सुळा ही निराळी गोष्ट आहे. तेथे वय व वेळ हे दोन घटक निर्णायक ठरतात. साधारणतः दीड वर्षांखालील श्वान दोन दिवसांच्या आत आणल्यास, भूल देऊन दूषित मगजाचा वरचा थर काढावा, रक्तस्राव थांबवून द्रव्य घालावे, वर पक्के भरण करावे, आणि काही महिन्यांनी क्ष-किरण चित्र घ्यावे. विलंब झाला असता मूळनलिकेचा उपचार करणे किंवा दात काढणे हेच योग्य.

म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत चिकित्सकाचा पहिला प्रश्न ‘कोणते द्रव्य?’ हा नसून ‘दात केव्हा मोडला?’ हा असावयास हवा.