प्रोसेसरची झाकली मूठ

हायपर-व्हीमध्ये व्हर्च्युअल मशीनच्या सेटिंगमध्ये एक साधीशी चौकट असते: प्रोसेसर कम्पॅटिबिलिटी. तिथे टिक केली, की चालू व्हीएम बंद न करता वेगळ्या पिढीच्या प्रोसेसरवर हलवता येते. विंडोज सर्व्हर २००८ आर२ पासून ही सोय आहे. व्हीएमवेअरकडे याच कामासाठी ईव्हीसी आहे.

याची गरज का पडते? प्रोग्राम सुरू होताना सीपीयूआयडी या आज्ञेने प्रोसेसरला विचारतो, तुला काय काय येतं? उत्तर बहुधा एकदाच ऐकतो आणि त्यावरच विसंबतो. एव्हीएक्स२ हा आज्ञासंच वापरायला लागलेला प्रोग्राम मध्येच तो नसलेल्या जुन्या होस्टवर (व्हीएम चालवणाऱ्या यंत्रावर) जाऊन पडला, तर पुढच्याच अनोळखी आज्ञेला कोसळेल. म्हणून व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे हायपरव्हायझर, आधीपासूनच उत्तराला कात्री लावतो.

प्रोसेसरचा वेग यात तसूभरही कमी होत नाही. प्रोग्राम मात्र लांबचा रस्ता धरतो. साध्या फाइल सर्व्हरला याचा पत्ताही लागत नाही. एन्क्रिप्शनचं तसं नाही. इंटेलने २०१० च्या वेस्टमिअरमध्ये आणलेल्या एईएस-एनआय आज्ञा झाकल्या, तर तेच गणित सॉफ्टवेअरने करावं लागतं आणि वेग कित्येक पटींनी घसरतो. एव्हीएक्स२ एका दमात ३२ बिटांचे आठ पूर्णांक हाताळतं, जुनं एसएसई२ चारच.

सगळ्यात छुपा फटका पीसीआयडीचा. २०१८ मध्ये मेल्टडाउन या प्रोसेसरमधल्या त्रुटीवर आलेल्या उपायामुळे कर्नलमध्ये जाता-येता पेज टेबल बदलावं लागू लागलं. पीसीआयडी ही प्रोसेसरची सोय दिसत नसेल, तर प्रत्येक वेळी टीएलबी हा पत्त्यांचा कॅशही रिकामा होतो. प्रॉक्समॉक्ससारख्या केव्हीएमवर चालणाऱ्या प्रणालीत केव्हीएम६४ हे जुनं प्रोसेसर मॉडेल निवडलेल्या व्हीएममध्ये नेमकं तेच दिसत नाही, आणि सतत सिस्टिम कॉल करणाऱ्या डेटाबेसला ते भोवतं. दोष मात्र डिस्कला दिला जातो.

काही सॉफ्टवेअर तर सरळ नकारच देतात: मोंगोडीबी ५.० ला एक्स८६ वर एव्हीएक्स लागतं. प्रॉक्समॉक्स ८ ने वेब इंटरफेसमधून बनणाऱ्या नव्या व्हीएमसाठी एईएससह एक्स८६-६४-व्ही२ हे मॉडेल धरलं, ते उशिराचं शहाणपण. विंडोज सर्व्हर २०२५ क्लस्टरमधल्या सर्व होस्टना जे येतं, तेवढं स्वतःच हिशोबून दाखवतो. इंटेल-एएमडी ही वेस मात्र ही टिक ओलांडू देत नाही.

होस्ट एकच असेल, तर ही टिक निव्वळ तोट्याची. लिनक्स व्हीएममध्ये /प्रोक/सीपीयूइन्फो उघडलं की काय झाकलंय ते कळतं. बदल करायचा तर व्हीएम पूर्ण बंद करावी लागते. आतून दिलेला रीस्टार्ट पुरत नाही.