उन्हाळा आणि इन्सुलिनची कुपी

दारव्ह्यासारख्या गावी एप्रिल उजाडला की पारा चाळिशीपलीकडे जातो. माणसे दारे लोटून कूलरपुढे बसतात. कपाटातल्या इन्सुलिनच्या कुपीची आठवण सहसा कुणालाच राहत नाही.

इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे, विशिष्ट घडीत दुमडलेले प्रथिन आहे. पूर्वी ते डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडातून काढीत. १९७८ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी मानवी इन्सुलिनची जनुके जिवाणूंत घालून त्यांच्याकडून ते करवून घेतले. १९८२ मध्ये तेथे त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. २००३ मध्ये मुंबईच्या वोक्हार्ट कंपनीने देशात बनवलेले असे इन्सुलिन बाजारात आणले.

उकडलेले अंडे पुन्हा पातळ होत नाही, तशी उष्णतेने मोडलेली प्रथिनाची घडी सहसा पूर्ववत होत नाही. अडचण अशी, की औषधाचा गुण गेला तरी ते पूर्वीसारखेच दिसू शकते. मग साखर वाढते आणि ठपका येतो आजोबांच्या चोरून खाल्लेल्या पेढ्यावर! घरच्या घरी मात्रा वाढवली जाते. पुढे ताजी कुपी येते, वाढीव मात्रा तशीच राहते आणि साखर एकाएकी घसरते. वृद्धांच्या बाबतीत हे फार धोक्याचे.

न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसला, फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवावी. प्रयोगशाळेत संशोधनासाठी वापरली जाणारी अशी कित्येक मानवी प्रथिने शून्याखाली गोठवून ठेवतात. घरचे इन्सुलिन मात्र एकदा गोठले की टाकूनच द्यावे. वापरातली कुपी २५-३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनावर पाहावी.

फ्रीज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर मातीचे मडके उपयोगी पडते. मडके सावलीत, वाऱ्यावर ठेवून बाहेरून ओले ठेवावे. कुपी घट्ट झाकणाच्या कोरड्या डबीत घालून आत ठेवावी. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती चांगली चालते, पावसाळी दमटपणात तितकी नाही.

स्वच्छ दिसणारे इन्सुलिन गढूळ झाले, किंवा मुळात दुधाळ असलेल्यात तळहातांत घोळवूनही गुठळ्या राहिल्या, तर ते वापरू नये. साखर अकारण वाढली, तर मात्रेला हात लावण्याआधी कुपी कुठे व किती दिवस होती, हे डॉक्टरांना सांगावे.