चढाई आणि चाकरी

भीमेच्या उत्तर तीराला शिरूर आणि दक्षिण तीराला दौंड, असे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे हे दोन तालुके. शिरूर, ज्याला जुनी माणसे अद्यापि घोडनदी म्हणतात, तेथे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कंपनी सरकारच्या फौजेची छावणी होती, आणि आज त्याच तालुक्यात रांजणगावचे कारखाने उभे आहेत. दौंड हे तर लोहमार्गाच्या जंक्शनाभोवती वाढलेले गाव, आणि तेथे राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गटही ठाण मांडून आहेत. स्त्रियांच्या कबड्डीवरील लेखाच्या आरंभी रेल्वे आणि पोलीस खात्याचे काय काम, असे वाचकाला वाटेल. परंतु या खेळातील स्त्रियांच्या स्पर्धांचा इतिहास पाहू गेले असता, खेळाच्या नियमांनी मुलींना जेवढे घडविले त्याहून अधिक, कोणत्या खात्याच्या पगारपत्रकावर त्यांचे नाव चढले या गोष्टीने घडविले, असे माझे मत झाले आहे.

हुतूतू महाराष्ट्राला जुनाच. पण गावोगावचे रिवाज एका नियमावलीत बांधण्याचा उद्योग विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातला, आणि १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम मुक्रर करून स्पर्धा भरविल्या तेव्हा त्याला स्थिर रूप आले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिनला नेऊन दाखविला, १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला, १९५२ साली मद्रासला पुरुषांचे पहिले राष्ट्रीय सामने झाले, आणि त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १९५५ साली, कलकत्त्याला स्त्रियांचे. हे तीन वर्षांचे अंतर किती थोडे, हे क्रिकेटशी ताडून पाहावे: रणजी स्पर्धा १९३४ साली सुरू झाली, आणि स्त्रियांचे पहिले राष्ट्रीय क्रिकेट सामने पुण्यास भरले ते १९७३ साली. ज्या खेळाला बॅट लागत नाही, पॅड लागत नाहीत आणि सभासदत्वाची वर्गणीही लागत नाही, त्याचा दरवाजा मुलींना लवकर उघडला, यात नवल नाही. पुण्याच्या शकुंतला खटावकर यांना १९७८ चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच पिढीच्या पुण्याईवर.

मुलींचा खेळ सौम्य असतो, अशी समजूत ज्यांची असेल त्यांनी तालुक्याच्या शालेय स्पर्धेतला एखादा सामना उन्हात उभे राहून पाहावा. चुन्याच्या फक्कीने आखलेले बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद मैदान, म्हणजे पुरुषांच्या तेरा बाय दहापेक्षा आटोपशीर. त्यामुळे सात जणींच्या बचावात चढाई करणारीला मोकळी जागा कमीच मिळते. ती मध्यरेषेवरची माती कपाळाला लावते, दम धरते, निदान रेषा ओलांडते, आणि तीस सेकंदांच्या आत परतायचे या हिशेबाने डाव्या कोपऱ्याकडे सरकते. कोपऱ्यातली मुलगी गुडघे मोडून बसल्यासारखी उभी असते. तिची नजर चढाई करणारीच्या तोंडाकडे नसते, पावलाकडे असते. पाऊल हातभर आत आले की ती घोटा धरते, आणि मग साखळीतल्या दोघी-तिघी एकदम कोसळतात. पण धरलेल्या मुलीने लोळत, सरपटत, मध्यरेषेला नुसते बोट लावले तरी तिला झोंबलेल्या साऱ्या जणी बाद. चार जणींच्या भाराखालून पुढे आलेले ते एक बोट पाहिल्यावर सौम्यपणाची भाषा आपोआप बंद होते. पुण्यातल्या मुली २००९ च्या सुमारास रग्बीकडे वळल्या, आणि पुण्याच्याच वाहबिझ भरूचा यांच्या नेतृत्वाखाली भारताच्या पंधरा जणींच्या संघाने २०१९ साली मनिला येथे सिंगापूरला २१–१९ असे हरवून आपला पहिला विजय नोंदविला. अंगावर जाऊन प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर आणण्याची विद्या या मातीला अपरिचित नव्हती, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

देशात बरोबरीने निघालेली ही गाडी देशाबाहेर मात्र रखडली. पुरुषांची कबड्डी आशियाई क्रीडास्पर्धांत १९९० साली बीजिंगला पदकासह दाखल झाली. स्त्रियांना २०१० च्या ग्वांगझूपर्यंत, म्हणजे तब्बल वीस वर्षे, वाट पाहावी लागली. २०१२ साली पाटण्यास झालेल्या पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला २५–१९ असे नमविले. त्या संघातील दीपिका जोसेफ, अभिलाषा म्हात्रे आणि सुवर्णा बारटक्के या तिघी महाराष्ट्राच्या, आणि राज्य सरकारने त्यांना प्रत्येकी एक कोटी रुपये दिले तेव्हा अनेक घरांत मुलीच्या खेळण्याकडे पाहण्याची दृष्टी, निदान काही दिवस, बदलली असणार. पुढे २०१८ साली जकार्ताच्या आशियाई क्रीडास्पर्धांत इराणने २७–२४ अशी बाजी उलटविली, तेव्हा इराणच्या प्रशिक्षिका होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याच घरचे ज्ञान आपल्याला असे परत मिळाले, याचा मला खेदापेक्षा आनंदच अधिक झाला. हांगझूच्या स्पर्धेत २०२३ साली तैपेईला एका गुणाने हरवून आपण सुवर्ण परत आणले, आणि तेच त्या स्पर्धेतील भारताचे शंभरावे पदक ठरले.

लीगची कथा मात्र थोडक्यात आटोपते. पुरुषांची प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली. २०१६ साली तिच्याच जोडीने स्त्रियांचा तीन संघांचा एक प्रयोग झाला, त्यातल्या एका संघाचे नेतृत्व अभिलाषा म्हात्रे यांच्याकडे होते, आणि अंतिम सामना २४–२३ इतका अटीतटीचा झाला. पुढच्या हंगामात तो प्रयोग चालू राहिला नाही. पुरुष खेळाडूंचे लिलाव लाखांतून कोटींत गेले. स्त्रियांच्या वाट्याला जुनी व्यवस्थाच उरली.

ती जुनी व्यवस्था म्हणजे चाकरी. स्त्रियांच्या राष्ट्रीय स्पर्धांत दीर्घकाळ रेल्वेचा दबदबा राहिला, कारण राज्याराज्यांतल्या उत्तम खेळाडू रेल्वेच्या नोकरीत जात आणि आपल्याच राज्याविरुद्ध उभ्या राहत. महाराष्ट्र सरकारच्या भरतीतही खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत, आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य या शालेय स्पर्धांच्या पायऱ्या चढणाऱ्या मुलीच्या पालकांना चषकाहून त्या मागच्या प्रमाणपत्राचे महत्त्व अधिक कळते. या हिशेबीपणाला नाके मुरडणारे शहरात पुष्कळ आहेत. पण ज्या घरात उसाच्या बिलावर वर्षाचा मेळ बसतो, तेथे दहावीनंतर मुलीला आणखी दोन वर्षे मैदानावर राहू द्यावे की स्थळे पाहावीत, या वादात तिच्या बाजूने टिकणारा युक्तिवाद एकच असतो, आणि तो दौंडच्या जंक्शनावर व पोलीस गटाच्या कवायतीच्या मैदानावर बापाला रोज डोळ्यांनी दिसतो. फक्त त्या युक्तिवादासाठी लागणारे राज्य स्पर्धेचे प्रमाणपत्र आधी पडताळणीला क्रीडा खात्याच्या दप्तरी जावे लागते, आणि तेथून ते भरतीच्या मुदतीच्या आत परत यावे लागते.