स्वस्त तिकिटात काय मावतं?

गेल्या भाषणात आपण एस.टी.च्या निम्म्या तिकिटाबद्दल बोललो. आज जरा वर बघू. विमानाचं तिकीट आता आपल्याही घरात निघायला लागलंय. कुणाचा मुलगा बंगळूरला, कुणाची लेक हैदराबादला. आणि विमानतळ तर आपल्याच जिल्ह्यात आहे, कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला.

1 ऑक्टोबर 2017 ला राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते शिर्डीचा हा विमानतळ सुरू झाला. पहिली विमानं अलायन्स एअरची, म्हणजे तेव्हाच्या सरकारी एअर इंडियाच्या धाकट्या कंपनीची होती. ती पंख्याची, साधारण सत्तर माणसांची. पुढे स्पाइसजेट आली, मग इंडिगो. त्याआधी आपल्याकडच्या माणसाला विमान म्हणजे पुणे नाहीतर औरंगाबाद, आताचं छत्रपती संभाजीनगर. तिथे जेट एअरवेज आणि एअर इंडिया होत्या. तिकीट महाग, पण त्यातच जेवण यायचं. एप्रिल 2019 मध्ये जेट बंद पडली आणि संभाजीनगरची विमानं एकदम कमी झाली. पुढच्या वर्षी तिथेही इंडिगो आली.

म्हणजे लहान शहरांतून जुन्या पद्धतीच्या कंपन्या मागे सरल्या आणि स्वस्तवाल्या पुढे आल्या. त्यांना स्वस्त परवडतं कसं? जवळजवळ सगळी विमानं एकाच जातीची ठेवली की दुरुस्ती, सुटे भाग, वैमानिकांचं शिक्षण सगळं सोपं होतं. विमान उतरल्यावर अर्ध्या तासात परत उडवायचं, कारण उभं विमान म्हणजे दावणीला बांधलेला बैल, काम नाही आणि चारा चालूच. खुर्च्या दाटीने लावायच्या. आणि तिकिटात फक्त बसायची जागा द्यायची, बाकी सगळं वेगळं विकायचं. खानावळीत थाळी मिळते, तशी ती जुनी विमानं होती. आता भाकरीचे वेगळे, भाजीचे वेगळे.

यात आपला फायदा नाही असं मी म्हणणार नाही. ज्या बाईने आयुष्यात विमान आतून पाहिलं नसतं, ती आज लेकीच्या बाळंतपणाला दोन तासांत पोहोचते. पण हिशोब तिकिटावरच्या आकड्यावर थांबवू नका. बहुतेक स्वस्त कंपन्यांत देशातल्या देशात 15 किलोची बॅग आणि हातात 7 किलो. बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू, तूप, दुपटी, वर राहात्याचे पेरू असं भरलं की काटा सहज वीसवर जातो, आणि वरच्या प्रत्येक किलोला काहीशे रुपये काउंटरवर मोजावे लागतात. घरीच वजन करा. जास्तीचं वजन आधी ऑनलाइन घेतलं तर कमी पडतं.

नावाची गोष्ट तर खास आपली. आधारवर माहेरचं नाव आणि तिकीट काढणाऱ्या भाच्याने घातलं सासरचं, असं फार होतं. ओळखपत्रावरचंच नाव तिकिटावर हवं. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून तिकीट काढलं असेल, तर 24 तासांच्या आत स्पेलिंगची चूक फुकट दुरुस्त होते. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांशेजारी जागा द्यावी, असं सरकारने 2024 मध्ये कंपन्यांना बजावलंय. काउंटरवर बोर्डिंग पास दिला म्हणून पैसे मागता येत नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर 48 तास आधी सांगून ठेवा. आणि तिकीट रद्द केल्यावर 'काही परत मिळत नाही' असं कुणी म्हणालं, तर विमानतळाचं शुल्क आणि सरकारी कर मागा. ते परत द्यावेच लागतात.

आता गावाच्या बाजूने बघू. काकडीच्या शेतकऱ्यांनी जमिनी दिल्या, विमानतळाच्या जोरावर टॅक्सीवाल्यांनी कर्ज काढून गाड्या घेतल्या. कंपनीचं मात्र असं कर्ज इथे नाही. विमानाला चाकं आहेत. जिथे खुर्च्या भरतील तिथे ते जातं. शिर्डीला भाविक बाराही महिने येतात म्हणून आपलं बरं चाललंय. पण मुंबईचंच बघा. फेब्रुवारी 2023 पासून मुंबई-शिर्डी वंदे भारत आहे, जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गही पूर्ण झाला. मग तासाभराच्या विमानासाठी दोन तास आधी कोण जाऊन बसेल? विमानाला अर्थ उरतो तो हैदराबाद, चेन्नई, दिल्लीसारख्या लांबच्या गावांसाठी. नांदेडला एप्रिल 2017 मध्ये 'उडान' योजनेत हैदराबादचं विमान सुरू झालं, पंतप्रधानांनी झेंडा दाखवला होता. ते चालवणारी ट्रूजेट 2022 मध्ये थांबली. सवलत होती, प्रवासी होते, कंपनी राहिली नाही.

दुसरी अडचण, एकीवरच सगळा भार. देशातल्या दर तीन विमानप्रवाशांपैकी जवळपास दोघे इंडिगोने जातात. नोव्हेंबर 2025 मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीचे नियम बदलले, कंपनीची तयारी नव्हती, आणि डिसेंबरमध्ये काही दिवसांत हजारो फेऱ्या रद्द झाल्या. बाकीच्यांची तिकिटं इतकी चढली की सरकारला भाड्यावर मर्यादा घालावी लागली. मोठ्या शहरात दुसऱ्या कंपनीचं विमान तरी बघता येतं. लहान विमानतळावर दिवसाला मोजकीच विमानं, एक चुकलं की उद्यावर.

म्हणून शिर्डीहून निघताना त्याच दिवशी दुसऱ्या विमानाची जोडणी घट्ट वेळेत ठेवू नका, विशेषतः थंडीत. नोव्हेंबर 2019 मध्ये धूसर हवेमुळे इथली विमानं कित्येक दिवस बंद होती. हवेमुळे विमान रद्द झालं तर भरपाई मिळत नाही, पण तिकिटाचे पूर्ण पैसे किंवा दुसरं विमान यातलं काय हवं ते तुम्ही सांगायचं. छोट्या प्रवासात दोन तासांपेक्षा जास्त खोळंबा झाला तर खाणंपिणं कंपनीने द्यायचं असतं. काउंटरवरची मुलगी आपणहून सांगेलच असं नाही. तिच्याकडे जाऊन, तिकीट दाखवून, शांतपणे मागा.