दोन टिंबांची वाट



केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक-प्रयोगशाळेंत कॉफीचें एक भांडें असे. जिने चढून जावें आणि तें रिकामें आढळावें, असें वारंवार घडे. म्हणून १९९१ सालीं तेथील संशोधकांनीं त्याच्यासमोर कॅमेरा बसविला. १९९३ पासून तें चित्र साऱ्या जगाला दिसूं लागलें. आज असा वेबकॅमेरा घराच्या दारावर, बाळाच्या पाळण्यावर नजर ठेवितो. परंतु राखणीस बसविलेल्या ह्या डोळ्यांतूनच परका मनुष्य घरांत शिरला तर?

कॅमेऱ्याचें चित्र मागणाऱ्याकडे पोंचविण्याचें काम सर्व्हर करितो. त्याला ग्रंथालयांतील शिपाई समजा. वाचकानें चिठ्ठी द्यावी, त्यानें पुस्तक आणावें. वाचकांसाठीं एकच दालन मोकळें. कार्यालयाला मात्र मज्जाव. संगणकांतील कागदपत्रेंहि अशाच एकांत एक दालनांत असतात. तेथील संकेतांत लागोपाठ दोन टिंबें व एक तिरकी रेघ म्हणजे ‘एक दालन मागें जा’. आतां एखाद्यानें चिठ्ठींत लिहिलें, ‘दोन दालनें मागें जा, कार्यालयांत शिर आणि किल्ल्यांची वही आण’, व शिपायानें ती निमूटपणें आणून दिली, तर कुलूप न फोडतांच चोरी झाली! ह्या दोषाला ‘डिरेक्टरी ट्रॅव्हर्सल’ म्हणतात.

ही केवळ कल्पना नव्हे. २०१३ सालीं फॉसकॅम कंपनीच्या कांहीं कॅमेऱ्यांत हाच दोष उघडकीस आला. परवलीचा शब्द न देतांहि, पत्त्यांत हीं टिंबें घालून, यंत्राच्या स्मृतीची नक्कल मागवितां येत असे. आणि तींत कॅमेऱ्याचा व घरच्या वाय-फायचा परवलीचा शब्द सांपडे. पुढें कंपनीच्या सुधारलेल्या प्रणालींत हा दोष काढून टाकण्यांत आला.

नुसतीं टिंबें गाळून भागत नाहीं, कारण तीं सांकेतिक अक्षरांचा वेष घेऊनहि येतात. खरा उपाय असा कीं, चिठ्ठींतील वाट अखेर कोठें पोंचते हें सर्व्हरनें आधीं पाहावें, आणि तें ठिकाण मोकळ्या दालनाबाहेर असेल तर साफ नकार द्यावा.

हें काम कारागिरांचें. पण गृहस्थाचेंहि कर्तव्य आहेच. कॅमेऱ्याची प्रणाली वेळोवेळीं अद्ययावत् करावी, त्यानंतर परवलीचे शब्द बदलावे, आणि गरज नसतां कॅमेरा इंटरनेटवर थेट उघडा ठेवूं नये. पहारेकरी नेमल्यावर, तो कोणाचें ऐकतो हें पाहाणें घरधन्याला चुकत नाहीं.