काळे पडलेले तणस व डेगनाला रोग

धानाच्या कडपा बांधीत पडलेल्या असाव्यात आणि नेमक्या त्याच वेळी अवकाळी पाऊस यावा, हा प्रसंग गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्यांस नवा नाही. दाण्याची काळजी प्रत्येकजण करतो. भिजलेल्या तणसाची फारशी कोणी करीत नाही. तेच तणस हिवाळ्यात म्हशींपुढे पडते, व त्यातून डेगनाला नावाचा रोग उद्भवू शकतो. पंजाबातील डेग नाल्याच्या काठच्या भातमुलखावरून हे नाव पडले. तेथील म्हशींच्या या रोगाचे वर्णन १९३९ साली प्रसिद्ध झाले. पुढे इतर भातप्रदेशांतही तो आढळला.

रोगाचे मर्म रक्तवाहिन्यांत आहे. बारीक रोहिणींच्या भिंतीत स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले म्हणजे वाहिनी अरुंद होते. हे आवळणे मुळात उपकारकच होय. थंडी वाजली किंवा भय वाटले की शरीर ॲड्रिनलिन व तत्सम द्रव्ये सोडते, कातडीकडील रक्त आत वळते, आणि कारण सरताच वाहिन्या पुन्हा सैल होतात. ओल्या तणसावर वाढणाऱ्या फ्युजेरियम बुरशीच्या विषाने पडलेला आवळ मात्र सुटू पावत नाही, कारण चाऱ्याबरोबर तेच विष रोज पोटात जाते. त्यात हिवाळ्याची थंडी भर घालते. मग हृदयापासून दूरचे भाग, म्हणजे शेपटीचे टोक, कानांच्या कडा व खुरांजवळचे पाय, रक्तावाचून थंड पडतात, सुजतात, शेवटी सुकून काळे होऊन झडतात. मध्ययुगीन युरोपात राय धान्यावरील अरगट बुरशीने माणसांची हातापायांची बोटे अशीच झडत असत.

पुष्कळजण यास खुरकत समजतात, आणि येथेच घात होतो. खुरकतीत ताप येतो, तोंडात फोड उठतात व लाळ गळते. डेगनाल्यात ताप बहुधा नसतो, तोंड स्वच्छ असते. शिवाय हा रोग एका जनावराचा दुसऱ्यास लागत नाही. एकाच गोठ्यातील अनेक म्हशी आजारी पडल्या तर संशय तणसावर घ्यावा. खुरकत समजून औषध चालू ठेवले आणि गव्हाणीत तेच तणस टाकीत राहिले, तर औषधाचा काय उपयोग?

पाय लंगडतो, शेपटीचे टोक हातास गार लागते, असे दिसताच ते तणस त्याच दिवशी बंद करावे, कोमट पाण्याने शेकावे व पशुवैद्यकास बोलवावे. रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रोग्लिसरिनचे मलम ते देऊ शकतात. आरंभी उपाय झाल्यास जनावर बरे होते. मेलेला भाग मात्र पुन्हा जिवंत होत नाही.

मळणीनंतर तणस उन्हात पसरून पुरते वाळल्यावरच, जमिनीपासून उंच माचावर रचावे. मधल्या थरांत काळे, कुबट वासाचे पुडके निघाले तर ते काढून खताच्या खड्ड्यात टाकावे.