एर्न्स्ट प्लिश्के : परीक्षेला न बसलेला आर्किटेक्ट

वेलिंग्टनला राहणारी किंवा कामासाठी तिथे जाणारी आपली मंडळी लॅम्टन कीवरच्या मॅसी हाऊससमोरून कधी ना कधी गेली असतीलच. आज आजूबाजूला तिच्याहून कितीतरी उंच इमारती उभ्या असल्यामुळे तिच्याकडे मान वर करून कोणी पाहत नाही. पण १९५७ साली ती पुरी झाली तेव्हा अख्खी दर्शनी बाजू काचेची असलेली अशी उंच इमारत या देशात नवलाईची होती. तळाशी पार्सन्स यांचे पुस्तकांचे आणि संगीताचे दुकान बरीच वर्षे होते. पुस्तके चाळावीत आणि कॉफी प्यावी अशी ती जागा जुन्या वेलिंग्टनकरांच्या बोलण्यात अजून येते. ते दुकान आता नाही. इमारत आहे.

ही इमारत ज्याच्या डोक्यातून निघाली, तो माणूस या देशात चोवीस वर्षे राहिला, त्याने घरे बांधली, चर्चे बांधली, सबंध गावांचे आराखडे केले, पण स्वतःच्या नावापुढे ‘आर्किटेक्ट’ असे लिहिण्याचा अधिकार त्याला इथे मिळाला नाही. त्याचे नाव एर्न्स्ट प्लिश्के. परदेशातून पदव्यांची भेंडोळी घेऊन इथे उतरलेल्या आपल्यासारख्यांनी त्याची कथा जाणून घ्यावी, म्हणून हा लेख.

व्हिएन्नातले दिवस

प्लिश्केचा जन्म २६ जून १९०३ चा, व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग गावचा. वडीलही आर्किटेक्ट. शिक्षण व्हिएन्नातच आणि तेही पेटर बेहरेन्स यांच्यासारख्या नामवंत गुरूच्या हाताखाली. नंतर काही काळ न्यूयॉर्कमध्ये नोकरी. परत आल्यावर १९३०-३१ मध्ये त्याने लीझिंग इथे कामगारांना रोजगार मिळवून देणाऱ्या सरकारी कचेरीची इमारत केली. भरपूर काच, भरपूर उजेड. बेकारीच्या काळात रांगेत उभे राहणाऱ्या माणसाला अंधाऱ्या बोळात ताटकळावे लागू नये, ही साधी गोष्ट त्या इमारतीत दिसते. तिची चर्चा युरोपभर झाली. १९३५ साली ऑस्ट्रियाचे मोठे राज्य पारितोषिक त्याला मिळाले, तेव्हा त्याचे वय होते अवघे बत्तीस.

त्याच्या तरुणपणच्या कामांपैकी एकाची हकिगत सांगण्यासारखी आहे. लूसी री या कुंभारकाम करणाऱ्या कलावतीच्या व्हिएन्नातल्या फ्लॅटचे सगळे लाकडी सामान त्याने केले होते. १९३८ मध्ये देश सोडायची वेळ आली तेव्हा तिने ते सामान उतरवून लंडनला नेले आणि तिथल्या आपल्या घरात पुन्हा बसवले. पुढे ती जगप्रसिद्ध झाली. आता ते सामान व्हिएन्नात परत गेले असून फर्निचरच्या संग्रहालयात मांडले आहे. पाटा-वरवंटा आणि देव्हारा सामानात घालून आणणाऱ्या आपल्या आयाबहिणींना यात काही नवल वाटणार नाही!

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. प्लिश्केची पत्नी ॲना ज्यू होती. आधीच्या लग्नापासूनचे मुलगे तिच्याबरोबर होते. निघणे भाग होते. १९३३ ते १९३९ या काळात न्यूझीलंडने साधारण अकराशेच ज्यू निर्वासितांना प्रवेश दिला. प्लिश्के कुटुंब त्या मोजक्या भाग्यवंतांत होते. मे १९३९ मध्ये ते वेलिंग्टनला पोचले आणि सप्टेंबरात महायुद्ध सुरू झाले.

सरकारी घरांचा काळ

त्या वेळी इथे लेबर पक्षाचे पहिले सरकार होते आणि सरकारी घरांची मोहीम जोरात होती. १९३७ साली मिरामारमधल्या पहिल्या सरकारी घरात पंतप्रधान सॅव्हेज यांनी स्वतः जेवणाचे टेबल उचलून आत नेले होते, तो फोटो आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. या मोहिमेला माणसे हवीच होती. प्लिश्केला गृहनिर्माण खात्यात काम मिळाले, पण हुद्दा मिळाला ड्राफ्ट्समनचा. राज्य पारितोषिक मिळवलेला माणूस पुन्हा टी-स्क्वेअर घेऊन पहिल्या पायरीवर बसला. शिवाय युद्ध सुरू झाल्यावर जर्मन आणि ऑस्ट्रियन निर्वासितांची नोंद ‘शत्रुदेशाचे नागरिक’ म्हणून झाली आणि त्यांच्यावर बंधने आली. ज्यांच्यापासून पळून आलो त्यांच्याच गोटातले म्हणून आपल्याकडे पाहिले जावे, याहून विचित्र काय असणार?

वेलिंग्टनच्या डिक्सन स्ट्रीटवर शंभराहून अधिक बिऱ्हाडांची मोठी इमारत १९४०च्या दशकात सरकारने बांधली. ती खात्याचे प्रमुख आर्किटेक्ट गॉर्डन विल्सन यांच्या नावावर आहे. तिच्यात प्लिश्केचा हात किती, यावर जाणकारांमध्ये अजून वाद चालतो. कचेरीत केलेल्या कामावर सही वरिष्ठांची असते, हे सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही समजावून सांगायला नको.

नायनायचा चौक

पण प्लिश्केचा जीव खरा रमला तो नगररचनेत. हट खोऱ्यात शेतमळ्यांच्या जमिनीवर घरांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहत होत्या. त्यांतल्या नायनाय या वसाहतीच्या मध्यवर्ती भागाचा आराखडा त्याच्याकडे आला.

इथल्या जुन्या गावांची ठेवण आपण रोज पाहतो. एक हमरस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानांची ओळ, रस्त्यात गाड्या. खरेदी करायची आणि निघायचे. प्लिश्केने युरोपातला चौक डोळ्यांसमोर ठेवला. दुकानांची तोंडे मधल्या मोकळ्या जागेकडे, तिथे चालणाऱ्या माणसाला अग्रहक्क, जवळच रेल्वे स्टेशन आणि सभोवती सार्वजनिक इमारती. लोक भाजी घ्यायला येतील, ओळखीचे कोणी भेटेल, दोन घटका थांबतील, आणि अशी शंभर माणसे रोज थांबली की नुसत्या घरांचे गाव होईल, असा हा हिशेब.

वाचकहो, आपल्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. देवळासमोरचा पार, वाड्याचा चौक, चाळीची गॅलरी, कोकणातल्या घराची पडवी, ही सगळी थांबायचीच ठिकाणे. इथे आल्यावर पहिल्या वर्षी आपल्याला घर मिळते, बाग मिळते, गाडी मिळते, आणि मग संध्याकाळी सहाला रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही तेव्हा नेमके काय हरवले आहे ते कळते. प्लिश्के व्हिएन्नाहून आला होता. त्यालाही तेच जाणवले असावे.

कागदावरचे सगळे जमिनीवर उतरले नाही. मध्यभागाचा आराखडा छाटला गेला, बऱ्याच गोष्टी उशिरा झाल्या, काही झाल्याच नाहीत. १९५४ साली हट खोऱ्यातल्या किशोरवयीन मुलामुलींच्या वागण्यावरून देशभर गदारोळ उठला आणि सरकारने मॅझेनगार्ब समिती नेमली. तिच्या अहवालाची प्रत लहान मुले असलेल्या जवळजवळ प्रत्येक घरी पाठवण्यात आली होती! त्या चर्चेतला एक मुद्दा असा की नव्या वसाहतींमध्ये घरे भराभर उठली, पण माणसांनी एकत्र येण्याच्या सोयी मागे राहिल्या. ज्या गोष्टी आराखड्यातून आधी खोडल्या जातात त्यांची किंमत दहा वर्षांनी असे अहवाल छापून मोजावी लागते.

नायनायचा तो मधला भाग आज ‘हिलरी कोर्ट’ म्हणून ओळखला जातो. एव्हरेस्टवीर हिलरींचे हे नाव. त्याच्या जवळचा १९५६ चा ऑलिम्पिक तलाव भूकंपाच्या धोक्यामुळे २०१९ मध्ये बंद झाला, तेव्हा गावाचा प्राणच गेल्यासारखे लोकांना झाले. त्यांनी आवाज उठवला आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिथे नवा तलाव सुरू झाला. एकत्र येण्याची जागा ही चैन आहे की गरज, याचे उत्तर नायनायकरांनी दिले आहे.

वायकाटो नदीवरच्या धरणाच्या कामगारांसाठी मांगाकिनो हे गाव वसवले गेले, त्याचीही आखणी प्लिश्केचीच. आपल्याकडे कोयनानगर ज्यांनी पाहिले आहे त्यांना धरणाबरोबर जन्मणारे गाव कसे असते याची कल्पना असेल.

परीक्षा

नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय करायचा तर नोंदणी हवी. इथल्या आर्किटेक्टांच्या संस्थेने त्याची व्हिएन्नाची पात्रता मान्य केली नाही, परीक्षा द्या म्हणून सांगितले. प्लिश्केने नकार दिला. १९४७ साली त्याने ऑकलंडच्या विद्यापीठ कॉलेजात प्राध्यापकपदासाठी अर्ज केला. ती जागाही त्याला मिळाली नाही. त्याच वर्षी त्याचे ‘डिझाइन अँड लिव्हिंग’ हे पुस्तक सरकारनेच प्रसिद्ध केले, हा योगायोग मोठा बोलका आहे. घर आणि गाव कसे असावे हे सैन्यातल्या तरुणांना समजावे म्हणून लिहिलेल्या मजकुरातून ते पुस्तक तयार झाले. म्हणजे सैनिकांना शिकवायला हा माणूस चालत होता, आर्किटेक्टांना शिकवायला चालत नव्हता.

मग १९४८ मध्ये सेड्रिक फर्थ या नोंदणीकृत आर्किटेक्टशी त्याने भागीदारी केली. फर्थ स्वतः जाणकार माणूस, न्यूझीलंडच्या सरकारी घरांवर १९४९ मध्ये पुस्तक लिहिणारा. ही भागीदारी साधारण दहा वर्षे टिकली आणि मॅसी हाऊस तिच्यातूनच झाले. ताइहापेचे सेंट मेरीज चर्च आणि काही देखणी घरेही याच काळातली.

घरांविषयी एक गंमत. आपल्याकडे दक्षिणेकडून ऊन येते, इथे उत्तरेकडून. वास्तुशास्त्राचे कोष्टक घेऊन इथे घर शोधणाऱ्यांची त्यामुळे पंचाईत होते. पण इथे आलेल्या इंग्रजांचीही तीच गत झाली होती. रस्ता ज्या बाजूला त्या बाजूला दिवाणखाना, मग ऊन मिळो न मिळो. प्लिश्केने ऊन आणि देखावा पाहून खोल्या वळवल्या. नाइओमधले कान कुटुंबाचे घर १९४१ च्या सुमाराचे, तेही जर्मनीतून आलेल्या निर्वासितांसाठी केलेले. ब्रुकलिनमध्ये अर्थतज्ज्ञ बिल सच आणि वकील शर्ली स्मिथ या जोडप्याचे घर पन्नासच्या दशकातले. लाकूड इथले, उतार इथला, वारा इथला, आणि रचना व्हिएन्नात शिकलेल्या हाताची. ॲनाबाई बागा आखण्यात तयार होत्या. त्याच्या काही घरांभोवतीच्या बागा त्यांच्या हातच्या आहेत.

आपल्या चार्ल्स कोरियांची इथे आठवण होते. मूळचे गोव्याचे. १९६० च्या दशकात प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासह त्यांनी खाडीपलीकडच्या नव्या मुंबईची कल्पना मांडली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि कोरिया तिचे मुख्य आर्किटेक्ट झाले. पुढे बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये त्यांनी लहान लहान घरांचे गट चौकाभोवती मांडले. तिथेही सगळे मनासारखे उतरले नाही. पण कोरियांना आपल्याच गावात आपली पदवी सिद्ध करत बसावे लागले नाही, हा फरक मोठा.

कोणाचे नुकसान?

१९६३ मध्ये व्हिएन्नाच्या ललित कला अकादमीने प्लिश्केला प्राध्यापक म्हणून बोलावले आणि तो गेला. दहा वर्षे त्याने तिथे शिकवले. २३ मे १९९२ रोजी व्हिएन्नात त्याचे निधन झाले. ॲनाचा मुलगा हेन्री लँग मात्र इथेच राहिला आणि सत्तरच्या दशकात या देशाच्या ट्रेझरीचा सर्वोच्च सचिव होता. बापाला आर्किटेक्ट म्हणायला तयार नसलेल्या देशाने मुलाच्या हाती तिजोरीचा कारभार दिला. आपल्या पुढच्या पिढीकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

प्लिश्केने परीक्षा द्यायला हवी होती का? यावर आपल्या घरांतही वाद होतील. १९९१ मध्ये गुणांची पद्धत आली, पदव्या मोजून व्हिसा मिळू लागला आणि इथे उतरल्यावर त्याच पदव्यांना नोंदणी मिळेना. टॅक्सी चालवणारे डॉक्टर त्या वर्षांत वर्तमानपत्रांचा विषय झाले होते. ज्यांच्या डोक्यावर मुलांची फी आणि घरभाडे होते त्यांनी मुकाट्याने पुन्हा पुस्तके उघडली, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. प्लिश्केला फर्थसारखा भागीदार मिळाला. प्रत्येकाला तो मिळत नाही. म्हणून त्याचा नकार सर्वांनी गिरवावा असे मी म्हणणार नाही. पण शहाणपण सगळे त्याच्याकडेच मागायचे आणि संस्थेकडे नाही, हेही बरोबर नव्हे. परीक्षा ज्ञान पाहण्यासाठी असते. ज्याचे ज्ञान सबंध शहराच्या डोळ्यांसमोर उभे आहे त्याला परीक्षा द्या म्हणणे म्हणजे पाहुण्याला अंगणात ताटकळत ठेवणे. त्यात ऑकलंडच्या विद्यार्थ्यांचा एक गुरू गेला आणि व्हिएन्नाच्या विद्यार्थ्यांना तो मिळाला.

आता आपल्यातली कितीतरी मंडळी मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतात. नुकत्याच आलेल्या तरुणाला ‘इथला अनुभव आहे का?’ असे विचारताना तिथला अनुभवही एकदा नीट वाचून पाहावा, एवढे आपल्या हातात नक्की आहे.

येत्या उन्हाळ्यात एखाद्या रविवारी डबे घेऊन मॅसी हाऊस, डिक्सन स्ट्रीट आणि तिथून रेल्वेने नायनाय अशी सहल काढावी असा विचार आहे. नाइओ आणि ब्रुकलिनमधली घरे खाजगी आहेत, ती रस्त्यावरूनच पाहावी लागतील. डब्यांची पंगत अर्थात नायनायच्या चौकात. ज्यांना यायचे असेल त्यांनी मंडळाच्या पुढच्या बैठकीत नावे द्यावीत. मुलांना जरूर आणावे.